गिअरबॉक्सचा ताप आणि त्यावरचा कूलर

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कामगार चळवळीचा इतिहास असे काहीतरी आमच्या तोंडून येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. "गिअरबॉक्सचे तेल थंड कसे ठेवावे" असे आम्ही म्हणताच त्यांनी ते दोनदा विचारून घेतले. तेव्हा हा विषय का निवडला ते आधी सांगितले पाहिजे.

आम्ही मोटार कामगारांत काम करतो. तीन वर्षांपूर्वी पर्यटनाच्या गाडीवरचा एक चालक आमच्या कचेरीत आला. गाडी सात माणसांची, डिझेलची, ऑटोमॅटिक गिअरची. मे महिन्यातल्या एका शनिवारी भरल्या गाडीनिशी तो वाईहून महाबळेश्वरकडे निघाला आणि पसरणी घाटात गाड्यांच्या रांगेत सापडला. दीड तास गाडी इंचाइंचाने सरकत होती. घाटमाथा जवळ आला तसा करपट वास येऊ लागला. मग इंजिन नुसते ओरडे, गाडी हलेना. गिअरबॉक्स जळला होता. दुरुस्तीचे बिल झाले एक लाख चाळीस हजार. मालक म्हणाला, "गाडी तू जाळलीस. दरमहा पाच हजार पगारातून कापीन." म्हणजे अठ्ठावीस महिने!

चालकाला हा आरोप खोडता येईना, कारण गिअरबॉक्स का जळतो हेच त्याला ठाऊक नव्हते. मालकालाही नव्हते. आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही नव्हते. आम्ही ज्या गाड्यांखाली हात काळे केले त्या साऱ्या क्लचच्या. शाळा आमची सातवीत सुटलेली. तेव्हा दुरुस्तीचे इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून बसलो, आणि दोन जाणत्या मिस्त्र्यांना चहा पाजून पाजून प्रश्न विचारले. त्यातून जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहोत.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याला वीज देऊ नका. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतील. आता दुसऱ्याची पाती बोटाने अडवा. पहिल्याचे काही बिघडत नाही, तो वारा घालीतच राहतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये हीच युक्ती केलेली असते, फक्त वाऱ्याऐवजी तेल असते. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला, मध्ये तेलाचा झोत परतवणारी तिसरी पाती, आणि हे सारे एका बंद डब्यात. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनियराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजाच्या टर्बाइनसाठी. मोटारीत तेलाची जोडणी असलेला ऑटोमॅटिक गिअर अमेरिकेत १९४० सालच्या ओल्ड्समोबिलबरोबर सर्रास विकला जाऊ लागला, आणि १९४८ साली ब्यूइकने टॉर्क कन्व्हर्टर दिला.

क्लच दाबण्याचा त्रास गेला. पण फुकट काहीच मिळत नाही. दोन पंख्यांच्या वेगात जो फरक पडतो, त्याची सारी शक्ती तेल घुसळण्यात जाते आणि घुसळलेले तेल तापते. गाडी वेगात आली की आतला एक छोटा क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो. त्याला लॉक-अप म्हणतात. तो बसला की घुसळण थांबते. म्हणून सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने तासन्‌तास गेलात तरी गिअरबॉक्सला ताप नसतो. घाटातल्या रांगेत मात्र लॉक-अप बसतच नाही.

हा ताप किती, याचा हिशेब आम्ही वहीत मांडून पाहिला. भरलेली गाडी २,४०० किलोची, चढ पंधरा फुटांत एक फूट, वेग ताशी २० किलोमीटर. एवढ्याला चाकांपाशी सुमारे ११ किलोवॅट शक्ती लागते. कन्व्हर्टर त्या वेळी शंभरातले सत्तरच पुढे पोचवीत असेल, तर इंजिनाला साडेपंधरा द्यावे लागतात. मधले साडेचार किलोवॅट तेलात. न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे दोनाहून अधिक गिझर नऊ लिटर तेलात सोडून ठेवल्यासारखे झाले! उष्णता बाहेर नेण्याची सोय नसेल, तर एकट्या तेलाच्या हिशेबाने ती मिनिटाला सतरा-अठरा अंश चढेल. लोखंड-ॲल्युमिनियमही काही उष्णता पिते, म्हणून प्रत्यक्षात सावकाश चढते, पण चढते.

आणि चढावर थांबताना ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी तोलून धरायची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गाडी जागच्या जागी उभी असते तेव्हा इंजिनाने कन्व्हर्टरला दिलेली शक्ती शंभरातली शंभर तेल तापवण्यात जाते. चाकांना काही मिळतच नाही.

हे तेल नुसते वंगण नव्हे. तेच शक्ती पोचवते, तेच दाबाने आतले क्लच आवळते, तेच उष्णता वाहून नेते. सुमारे ८० अंश सेल्सिअसला ते सुखात असते. त्यावर दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा मिस्त्री लोकांचा ठोकताळा आहे आणि रसायनशास्त्राशी तो जुळतो. ११५ अंशांच्या पुढे तेलाची राळ होऊन ती बारीक झडपांवर बसू लागते. १२५ च्या सुमारास रबरी सील कडक होतात, आणि १४५ च्या आसपास क्लचच्या चकत्या घसरू लागतात. घसरल्या की अधिक उष्णता, अधिक उष्णतेने अधिक घसरण. आमच्या चालकाला आलेला करपट वास तो हाच.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा थंड करण्याची सोय तीत असतेच. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्समधून दोन नळ्या निघून रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरला जातात. काही नव्या गाड्यांत गिअरबॉक्सलाच चिकटवलेला एक चपटा ठोकळा असतो आणि त्यातून इंजिनाचे पाणी फिरते. पण हे पाणी स्वतःच ९० अंशांच्या घरात असते. जे स्वतः नव्वदीत आहे ते दुसऱ्याला ऐंशीवर कसे आणणार?

अमेरिकेत लोक गाडीमागे बोट किंवा फिरते घर जोडून डोंगर चढतात. तिथे हा प्रश्न जुना, म्हणून वेगळा कूलर विकत आणून पुढच्या जाळीमागे बसवण्याची रीतही तिथली. आपल्याकडे मागे बोट नसते. सात प्रवासी, टपावर बॅगा आणि सुट्टीच्या दिवशीचा घाट असतो. तेलाला दोन्ही सारखेच.

आता आमच्या चालकाचे काय झाले ते सांगतो, कारण कूलर कधी घ्यावा आणि कधी घेऊ नये याचा धडा आम्हांला तिथेच मिळाला. मालकाने गिअरबॉक्स बांधून घेतला, या चालकाला घरी बसवले, दुसरा चालक ठेवला. चौथ्या महिन्यात गाडी पुन्हा घसरू लागली. आता पाय दुसऱ्याचा होता! तेव्हा कुठे मालक आमच्याबरोबर गॅरेजात येऊन उभा राहिला. समोरचा भाग उतरवला तो एअरकंडिशनचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट चिखल, गवताचे बी आणि किड्यांनी लिंपलेली. वारा जाणार कुठून? शिवाय पहिल्या दुरुस्तीत जुना कूलर न धुता तसाच ठेवला होता. जळालेल्या चकत्यांची काजळी त्यात बसलेली. तीच नव्या गिअरबॉक्सात उतरली. गिअरबॉक्स जळाला की कूलर धुवून घ्यावा किंवा बदलावा, नळ्यांतून स्वच्छ तेल काढून पाहावे, हा नियम गॅरेजवाल्याने पाळला नव्हता.

चालकाचा दोष काहीच नव्हता असे आम्ही म्हटले नाही. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलण्याची खोड त्याला होती आणि ती त्याने कबूल केली. परंतु रेडिएटर धुणे हे त्याच्या कामात नव्हते, तापमान दाखवणारा काटा गाडीत नव्हता आणि सर्व्हिसच्या तारखा मालकाने चुकवल्या होत्या. कापलेले वीस हजार परत मिळाले, तेही तीन हप्त्यांत.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, कूलरच्या आधी तापमापक घ्या. ताप आहे की नाही हे न पाहता औषध देणारा वैद्य आपण दारात उभा करीत नाही. पुष्कळ नव्या गाड्यांत डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या खोबणीत एक लहान यंत्र लावले की गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान मोबाईलवर दिसते. ज्यांत दिसत नाही तिथे गिअरबॉक्सबाहेर येणाऱ्या नळीवर सेन्सर बसवता येतो. भर उन्हात, भरल्या गाडीने नेहमीचा घाट चढा आणि आकडे लिहून ठेवा. ९५ च्या खाली राहत असेल तर कूलरचे पैसे मुलांच्या फीसाठी ठेवा. चढत असेल तर आधी रेडिएटर धुवा, तेल जुने असेल तर बदला, आणि पुन्हा मोजा. तरीही ११० पार होत असेल तर कूलरचा विचार रास्त आहे. मालकाशी वाद पडलाच तर ही आकड्यांची वही चालकाचा साक्षीदार होते, हा लाभ वेगळाच.

आणखी एक खबरदारी. दोन पेडलची प्रत्येक गाडी या प्रकारची नसते. आपल्या रस्त्यांवर लहान गाड्यांत जे 'ए.एम.टी.' असते, त्यात साधाच क्लच असतो. तो पायाऐवजी यंत्र दाबते, इतकेच. तिथे थंड करायला तेलाचा फेराच नाही. कोरड्या दुहेरी क्लचच्या गाड्यांचीही क्लचपुरती तीच गोष्ट. अशा गाडीला कूलर विकू पाहणारा भेटला तर नमस्कार करून पुढे जावे. पट्ट्यावर चालणाऱ्या सी.व्ही.टी.ला कूलर चालतो, पण तिचे तेल वेगळे. त्यात दुसरे तेल गेले तर पट्टा घसरतो.

बाजारात कूलर तीन जातींचे. पहिला, एकच नळी नागमोडी वळवून तिच्यावर पत्र्याच्या पट्ट्या ओवलेला. स्वस्त, कचऱ्याला दाद न देणारा, पण त्याच आकारात उष्णता कमी काढणारा. दुसरा चपट्या पोकळ पट्ट्या आणि त्यांमध्ये जाळी असा. तिसऱ्यात थाळ्या एकावर एक रचून दोन्ही बाजूंच्या उभ्या मार्गांनी जोडलेल्या असतात; तेल अनेक वाटांनी विभागते, दाब कमी घटतो आणि उष्णता चांगली निघते. जागा तेवढीच असेल तर हा तिसरा घ्यावा. खोक्यावर तो किती पौंड वजनाच्या गाडीसाठी आहे ते लिहिलेले असते. हे वजन माल-माणसांसह धरायचे: २,६०० किलो म्हणजे सुमारे ५,७०० पौंड. घाटातल्या गाडीसाठी त्याहून एक पायरी मोठा घ्यावा. फार मोठा कूलर थंड मुलखात त्रास देतो, कारण तेल तापतच नाही आणि घट्ट राहते. म्हणून तिथे तापमानावर उघडणारी झडप जोडतात. आपल्याकडे हा धोका थोडा, तरी झडप असलेला संच मिळाला तर उत्तमच.

परंतु दुकानदार जी गोष्ट सांगत नाही ती अशी. हवेवरचा कूलर वाऱ्यावर जगतो, आणि घाटातल्या रांगेत वारा नसतो! ज्या वेळी गरज सर्वांत मोठी, त्याच वेळी तो नुसता लटकत राहतो. यावर दोनच उपाय: गाडीच्या स्वतःच्या पंख्याची ओढ जिथे पोचते तिथेच तो बसवावा, नाहीतर विजेचा पंखा जोडलेला कूलर घ्यावा, जो तेल ठरावीक अंशावर तापताच आपोआप सुरू होतो. आम्ही पर्यटनाच्या गाड्यांना दुसरा सुचवतो. याच कारणासाठी रेडिएटरमधला मूळचा कूलर काढून टाकू नये. वारा नसतानाही पाणी उष्णता घेतच असते.

अमेरिकेत २००५ ते २०१० सालच्या काही जपानी गाड्यांत रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी आणि तेल एक झाले, गुलाबी दुधासारखा काला झाला आणि गिअरबॉक्स गेले. प्रकरण न्यायालयापर्यंत पोचले. तिथे पुष्कळांनी मूळचा कूलर वगळून टाकला, ते त्या गाड्यांपुरते समजण्यासारखे आहे. एरवी क्रम असा ठेवावा: गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरमध्ये, तिथून नव्या कूलरमध्ये, आणि मग परत गिअरबॉक्समध्ये. उलट जोडले तर थंड केलेले तेल पुन्हा नव्वदीच्या पाण्यात बुडवल्यासारखे होईल.

म्हणजे परतीची नळी कोणती हे आधी ओळखले पाहिजे. पुस्तकात असते, नसेल तर थंड गाडी सुरू करून दोन्ही नळ्यांवर हात ठेवा, आधी तापते ती बाहेर येणारी. खात्री हवी असेल तर रेडिएटरकडची एक नळी सोडून दोन्ही उघडी तोंडे डब्यात धरा आणि मदतनिसाला इंजिन दोन-तीन सेकंदच सुरू करायला सांगा. तेल रेडिएटरच्या तोंडातून आले तर सोडलेली नळी परतीची. नळीतूनच आले तर ती जाण्याची. यापेक्षा जास्त वेळ इंजिन चालवू नका, पंप कोरडा पडतो. ज्या गाडीत रेडिएटरला नळ्याच नाहीत, गिअरबॉक्सवर ठोकळा आहे, तिथे त्या गिअरबॉक्ससाठीच तयार केलेली जोडपट्टी मिळत असेल तर घ्यावी; लेथवर जुगाड करू नये.

कूलर कंडेन्सरच्या पुढे, दोहोंमध्ये बोटभर फट ठेवून, लोखंडी पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला बांधावा. खोक्यात कधी प्लास्टिकचे बंद येतात, ते कंडेन्सरच्या जाळीतून ओवायचे. बांधायला सोपे खरे, पण गाडी हादरते तसे ते जाळी कापतात आणि एअरकंडिशनचा गॅस जातो. कूलरची तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत, खाली नकोत. खाली ठेवल्यास आत हवा अडकते.

होजच्या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहोत, म्हणून तेवढे सविस्तर सांगतो. संघटनेच्या आवारात एका सभासदाची गाडी घेऊन आम्ही आणि एका मिस्त्र्याने पहिला कूलर बसवला. होज घरात होती ती वापरली, पाण्याची. लोखंडी नळी कापल्यावर तिच्या तोंडाशी जो फुगवटा काढायचा असतो, तो काढण्याचे हत्यार नव्हते. म्हटले, क्लिप जरा जास्त आवळू. साठ किलोमीटरवर होज सुटली. पंप मिनिटाला कित्येक लिटर तेल फेकतो, म्हणजे सारे तेल रस्त्यावर यायला वेळ लागत नाही. चालकाने आरशात धुराचा लोट पाहिला आणि जागीच इंजिन बंद केले म्हणून गिअरबॉक्स वाचला. ते तेल गरम नळकांड्यावर पडून पेटले असते तर काय, याचा विचार अजूनही मनात येतो. टोचे, क्लिप आणि तेलाचे पैसे आम्ही दोघांनी मिळून भरले.

तेव्हा होज गिअरबॉक्सच्या तेलाचीच हवी. तिच्यावर एस.ए.ई. जे १५३२ असे छापलेले असते ते वाचून घ्यावे. पाण्याची किंवा पेट्रोलची होज या उष्णतेला आणि तेलाला टिकत नाही. नळीच्या तोंडाला फुगवटा हवाच, होज त्याच्या पलीकडे चढवावी आणि क्लिप फुगवट्याच्या मागे बसवावी. पंख्यापासून, पट्ट्यापासून आणि गरम एक्झॉस्टपासून होज दूर ठेवावी. पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे घालावे. कापाकापी झाल्यावर नळ्यांतला लोखंडी कीस फुंकून, पुसून काढावा. एक कण झडपेत अडकला तरी पुरे.

कूलर आणि नळ्या भरायला साधारण अर्धा ते एक लिटर तेल जास्त लागते. तेल कंपनीने सांगितलेलेच घ्या. लाल रंग ही ओळख नव्हे. वेगवेगळ्या जातींची तेले लालच असतात. ज्या गाडीला गिअरबॉक्सची कांडी आहे, तिथे तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, गिअर सर्व खाचांतून एकदा फिरवून पातळी पाहतात. ज्यांना कांडी नाही, तिथे तेल पुस्तकात दिलेल्या तापमानावर असताना, गाडी समतळ ठेवून खालचा बूच उघडून पाहावे लागते. पुष्कळ गिअरबॉक्सांत हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असते. हे काम रॅम्प असलेल्या गॅरेजातच करावे. तेल कमी पडले तर चकत्या घसरतात. जास्त झाले तर फेस होतो, आणि फेस क्लच आवळू शकत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर कूलर बसवण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस केंद्राकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकार पुढे कोणालाच आठवत नाही. आणि खर्च मालकाचा, हे आम्ही प्रत्येक बोलणीत स्पष्ट मांडतो. चाकाचा टायर चालक आणत नाही, मग कूलर का आणावा?

कूलर असला तरी चढावर थांबताना पाय ब्रेकवरच ठेवा. रांग पुढे दहा-वीस फूट सरकू द्या आणि मग एकदम चला. इंचाइंचाने सरकू नका. गिअर हाताने खालचा निवडता येत असेल तर निवडा. काटा चढलाच तर सुरक्षित जागी गाडी उभी करून, गिअर पार्कमध्ये घालून, हँडब्रेक ओढून इंजिन थोडे जास्त वेगाने चालू ठेवा. इंजिन बंद करू नका. पंप थांबला की तेलही थांबते आणि उष्णता आतच राहते. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे तर कधीच नको.

कूलर बसवल्यावर पहिल्या रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि सकाळी त्यावर डाग आहे का पाहावे. शंभर किलोमीटर झाल्यावर क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात. पावसाळा संपला की कूलर, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटी पाण्याच्या हलक्या धारेने मागच्या बाजूने धुवाव्यात. जोराची धार मारली तर पात्या वाकतात.